दीर्घकाळ बेघर असलेल्या माणसाला घर मिळवून देणे आणि ते टिकवणे: सीमाभागातील वाचकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंतच्या वाचकांनी आम्हाला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच प्रसंगाने होते. बसस्थानकावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात किंवा देवळाच्या ओवरीत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या एखाद्या माणसाशी आपण एके दिवशी बोलतो आणि त्यानंतर काय करावे ते सुचत नाही. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी मांडणी केली आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेघर कोणाला म्हणायचे? आणि ‘दीर्घकाळ बेघर’ असा वेगळा शब्द कशासाठी?

जनगणनेत उघड्यावर, फूटपाथवर, उड्डाणपुलाखाली, मोठ्या नळांत, देवळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांची नोंद बेघर म्हणून होते. २०११ च्या जनगणनेत देशात अशी सुमारे १७.७ लाख माणसे आढळली. या सर्वांची अडचण सारखी नसते. काम सुटले म्हणून महिनाभर स्टँडवर झोपणाऱ्या हमालाला अनामतीची रक्कम आणि नवे काम मिळाले की तो आपल्या पायांवर उभा राहतो. दहा वर्षे रस्त्यावर काढलेल्या माणसाची कागदपत्रे, नाती, प्रकृती आणि घरात राहण्याची सवय ही सगळीच हळूहळू गळून गेलेली असतात. अमेरिकेच्या सरकारी व्याख्येत आजार किंवा अपंगत्वासह सलग एक वर्ष, अथवा तीन वर्षांत किमान चार वेळा मिळून बारा महिने बेघर राहिलेला माणूस दीर्घकाळ बेघर धरला जातो. आपल्याकडे अशी कायदेशीर व्याख्या रूढ नाही, पण कोणाला किती काळ सोबत लागेल याचा अंदाज बांधायला ही कसोटी उपयोगी पडते.

२. रात्रनिवारा केंद्रे असताना कायमच्या घराचा आग्रह का?

निवारा आवश्यकच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मापदंडानुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी, माणशी ५० चौरस फूट जागा देणारा, बाराही महिने उघडा असलेला निवारा हवा. २०११ साली बेळगाव महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४.८८ लाख होती. त्या हिशेबाने शहरात जवळपास ५०० जणांची सोय असायला हवी आणि तिची मागणी नगरसेवकांकडे जरूर करावी. मात्र निवाऱ्यात पेटीला कुलूप लावता येत नाही, चूल मांडता येत नाही आणि उद्याही हीच जागा आपली असेल याची खात्री नसते. निवाऱ्यात पावसाळा काढता येतो. आयुष्य काढण्यासाठी दार आतून लावता येईल अशी खोली लागते.

३. आधी दारू सुटावी, औषधे सुरू व्हावीत, काम लागावे आणि मगच घर द्यावे, हा क्रम बरोबर नाही का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणारे सहसा भली माणसे असतात. ऐकायला हा क्रम सरळ वाटतो, पण व्यवहारात तो उलटा पडतो. रात्री मार बसेल या भीतीने एक डोळा उघडा ठेवून झोपणाऱ्या माणसाने दारू सोडावी कशी? गोळ्यांची पुडी पावसात भिजते आणि उशाची पिशवी चोरीला जाते. मग सकाळ-संध्याकाळचे औषध वेळेवर कसे घ्यायचे? जिथे अंघोळीची सोय नाही तेथून रोज कामाला जाणेही अवघड असते. घर मिळण्यासाठी ज्या गोष्टींची अट घातली जाते, त्या बहुधा घर मिळाल्यावरच साधतात.

१९९२ साली न्यू यॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रम बदलून पाहिला. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना त्यांनी प्रथम स्वतंत्र घरे दिली. उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाड्यापोटी द्यावी आणि मदत करणाऱ्या पथकाला ठरलेल्या वेळी भेटू द्यावे, एवढ्याच अटी ठेवल्या. उपचार सक्तीचे नव्हते, पण मागताच मिळत होते. पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर व्यक्तींवर या पद्धतीचा मोठा प्रयोग केला. त्यात ‘आधी घर’ गटातील माणसांनी सुमारे ७३ टक्के काळ स्थिर घरात काढला, तर नेहमीच्या सेवांवर अवलंबून असलेल्या गटासाठी हे प्रमाण ३२ टक्के होते. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले आहे.

या पद्धतीने प्रत्येकाचे व्यसन सुटते असा दावा कोणी करत नाही आणि आम्हीही करत नाही. घर टिकते, एवढे मात्र दिसून आले आहे.

४. ही श्रीमंत देशांची उदाहरणे झाली. आपल्याकडे असे कोणी केले आहे का?

चेन्नईत १९९३ साली सुरू झालेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेने ‘होम अगेन’ उपक्रमातून मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या माणसांना साध्या वस्तीत भाड्याची घरे मिळवून दिली. चार-पाच जणांनी मिळून एक घर चालवायचे आणि मदतीला एक साहाय्यक ठेवायचा, अशी त्याची रचना आहे. हे काम महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत पोहोचले आहे. कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे अनेकांना आठवत असेल. त्यांचा भर मात्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबात परत पोहोचवण्यावर आहे. दोन्ही वाटा उपयोगाच्या आहेत आणि कोणती केव्हा निवडावी याची चर्चा प्रश्न १६ मध्ये केली आहे.

सीमाभागापुरते सांगायचे तर गावात एखादी मोठी संस्था असायला हवी अशी अट नाही. एक खोली, दरमहा भाडे देणारी आठ-दहा माणसे आणि दर आठवड्याला दार वाजवणारी दोन माणसे मिळाली की काम सुरू होते.

५. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक गृहस्थ कित्येक वर्षे झोपतात. सुरुवात कशी करावी?

पहिल्या भेटीत घराचा विषय काढू नये आणि फोटो तर मुळीच काढू नये. रोज एकाच वेळी जावे, चहा घ्यावा, नाव विचारावे आणि आपलेही सांगावे. ‘काय हवे?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘काही नको’ म्हणतात, म्हणून ‘रात्री झोप लागते का?’ किंवा ‘पाय कधीपासून सुजला आहे?’ अशा नेमक्या प्रश्नांनी बोलणे सुरू करावे. ओळख जमायला पंधरा दिवस लागतील किंवा सहा महिनेही लागतील. तो माणूस कोठे जेवतो, कोणाच्या पायरीवर सामान ठेवतो आणि कोणता दुकानदार त्याला ओळखतो, हे याच काळात कळते. पुढे ही माहिती कागदपत्रांसाठी आणि घर टिकवण्यासाठी सारखीच कामी येते.

मूल एकटे आढळल्यास मात्र थांबू नये. १०९८ या क्रमांकावर कळवावे, कारण मुलांसाठीची कायदेशीर वाट वेगळी आहे आणि हे पान प्रौढांपुरते आहे.

६. त्यांच्याकडे एकही कागद नाही. घर, रेशन, पेन्शन यांपैकी काय आधी करायचे?

आधी आधार, मग बँक खाते आणि त्यानंतर रेशन कार्ड व पेन्शन हा क्रम सोयीचा आहे. पूर्वी आधार काढलेले असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून बोटांच्या ठशांवरून जुने आधार शोधता येते का ते आधार केंद्रात विचारावे. नव्याने काढायचे झाल्यास मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी चालते. काही दिवस निवाऱ्यात राहण्याचा हा एक व्यावहारिक फायदा आहे. जनधन योजनेतील खाते शिल्लक रक्कम न ठेवता उघडता येते.

मतदार ओळखपत्राबाबतची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. बेघर व्यक्तीने नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा पत्ता म्हणून लिहिली, तर मतदान केंद्र अधिकाऱ्याने तेथे रात्री जाऊन, एकाहून अधिक वेळा, ती व्यक्ती खरोखर तेथेच झोपते याची खात्री करायची असते. ती झाली की पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही.

नावांचा घोळ आमच्या भागात विशेष होतो. वयस्क स्त्रीच्या एका कागदावर माहेरचे नाव असते, दुसऱ्यावर सासरचे, आणि मराठी आडनाव कन्नडमध्ये उतरताना त्याचे स्पेलिंग दरवेळी बदलते. पहिला कागद काढतानाच एक रूप नक्की करावे आणि पुढे सर्वत्र तेच ठेवावे. फरक राहून गेलाच तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागते.

७. सगळे अर्ज कन्नडमध्ये असतात आणि त्या माणसाला फक्त मराठी येते. काय करावे?

नाडकचेरी या महसूल कार्यालयात किंवा बेळगाव वन या नागरी सेवा केंद्रात जाताना कन्नड वाचता-लिहिता येणारा माणूस बरोबर न्यावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण पेन्शन अडली तर अडचण त्या म्हाताऱ्याची होते. छापील अर्ज बहुधा कन्नडमध्येच भरावा लागतो. तक्रार किंवा गाऱ्हाणे मात्र मराठीत देता येते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी निवेदनाला कन्नड भाषांतर जोडले तर काम लवकर होते, हा आमचा अनुभव आहे. भाषेचा वाद ज्याला लढायचा असेल त्याने तो स्वतःच्या अर्जावर लढावा.

८. तो मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला आहे आणि दहा वर्षे बेळगावात फूटपाथवर राहतो. त्याचे हक्क कोणत्या राज्यात?

आधार आणि बँक खाते देशभर चालते. महाराष्ट्राच्या रेशन कार्डावर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य बेळगावच्या रेशन दुकानातही उचलता येते. कर्नाटकाने स्वतःच्या योजनेतून दिलेले जादा धान्य मात्र त्या कार्डावर मिळत नाही. पेन्शन योजना राज्याच्या रहिवाशांसाठीच असतात. संध्या सुरक्षा या वृद्धांच्या पेन्शनसाठी कर्नाटकाचा रहिवास लागतो, तर संजय गांधी निराधार अनुदान आणि लाडकी बहीण या योजना महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहेत. ‘आम्ही मराठी असून आम्हाला लाडकी बहीण का नाही?’ असे निपाणीच्या एका वाचक भगिनीने विचारले होते. त्याचे उत्तर एवढेच आहे की निकष भाषेचा नसून रहिवासाचा आहे.

म्हणून सर्वांत आधी त्या माणसालाच विचारावे की, पुढचे आयुष्य सीमेच्या कोणत्या बाजूला काढायचे आहे. उत्तर मिळाले की सर्व कागद त्या बाजूचे करावेत. दोन्हीकडे अर्ज करून ठेवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण तपासणीत ते उघडकीला आले की दोन्ही लाभ बंद होण्याची वेळ येते.

९. दरमहा भाड्याचे पैसे कोठून आणायचे?

थंडीत ब्लँकेट वाटणारे हात पुष्कळ असतात, पण भाडे देणारे थोडे असतात. ब्लँकेट दिल्यावर फोटो निघतो आणि भाडे दिल्यावर पावतीसुद्धा नीट निघत नाही, हे एक कारण असावे.

हिशेब प्रामाणिकपणे मांडू. ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला संध्या सुरक्षा योजनेतून महिन्याला १२०० रुपये मिळतात. शहरातील खोलीचे भाडे एवढ्यात भागत नाही. दोघे-तिघे स्वखुशीने एकत्र राहिले आणि तिघांचीही पेन्शन सुरू असली तर ३६०० रुपये होतात आणि तूट आवाक्यात येते. रेशनमुळे धान्याचा खर्च कमी होतो. गृहज्योती योजनेची मोफत वीज भाडेकरूलाही मिळते, पण त्यासाठी खोलीला हेस्कॉम या वीज कंपनीचा स्वतंत्र मीटर असावा लागतो, कारण नोंदणी त्या मीटरच्या आर. आर. क्रमांकाशी आधार जोडून होते. सामाईक मीटरच्या चाळीत ही सवलत हातची जाते, म्हणून खोली पाहतानाच मीटर पाहावा.

उरलेली तूट वर्गणीतून भरावी. एकाने पाच हजार रुपये एकदा देण्यापेक्षा दहा जणांनी दरमहा थोडेथोडे देणे बरे, कारण भाडे दरमहा येते. अनामतीचा निधी वेगळा ठेवावा. ती रक्कम खोली सोडताना परत येते आणि पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

१०. सरकारी घरकुल मिळवून दिले तर भाड्याचा प्रश्नच मिटेल ना?

मिळत असेल तर अवश्य घ्यावे. मात्र प्रधानमंत्री आवास योजनेतील स्वतः घर बांधण्याच्या घटकासाठी मालकीची जागा लागते आणि फूटपाथवरच्या माणसाकडे नेमकी तीच नसते. कर्नाटकात राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत राबवल्या जाणाऱ्या योजनांपैकी देवराज अरस वसती योजनेत विधवा, अपंग, कुष्ठरोगमुक्त आणि भटक्या जमाती अशा विशेष गटांचा विचार केला आहे. गावात राहू इच्छिणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) तिची चौकशी करावी. घरकुलाची यादी लागेपर्यंत माणसाला रस्त्यावर मात्र ठेवू नये. भाड्याच्या खोलीत राहूनही अर्ज करता येतो.

११. घरमालक नाव ऐकताच नकार देतात. त्यांना कसे पटवावे?

घरमालकाला तीन भीती असतात: भाडे बुडेल, भांडणे होतील आणि हवी तेव्हा खोली रिकामी होणार नाही. पहिलीवर उपाय म्हणजे भाडे ठरल्या तारखेला मदत करणाऱ्या गटाने थेट भरणे. दुसरीवर उपाय म्हणजे रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक. तिसरीवर उपाय म्हणजे स्वच्छ लेखी करार, ज्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे. चौथी गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. ‘कुठले? कोणापैकी?’ हा प्रश्न जातीसाठी विचारलेला असतो आणि त्यापुढे अनेक खोल्या अचानक ‘कालच दिल्या गेल्या’ अशा होतात. अशा ठिकाणी आम्ही वाद घालत बसत नाही, पण खोटे नावही सांगत नाही. खोटे नाव सांगून मिळालेली खोली ते उघड होताच जाते.

बेळगावच्या जुन्या वस्तीत आणखी एक दार असते आणि ते म्हणजे गल्लीतील पंच मंडळी. शहापूर, वडगाव, अनगोळ अशा भागांत पंचांना आधी भेटून ‘हे गृहस्थ येथे राहायला येत आहेत, जबाबदारी आमची’ असे सांगितले, तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. न सांगता माणूस आणून ठेवला तर तीच मंडळी आठवडाभरात दारात येतात.

१२. भाडेकरार कोणाच्या नावाने करावा?

राहणाऱ्या माणसाच्याच नावाने करावा आणि गटाने जामीन म्हणून सही करावी. करार गटाच्या नावाने केला तर घरमालकाला बरे वाटते, पण राहणारा पाहुणा ठरतो आणि त्याचा पत्त्याचा पुरावाही तयार होत नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणूनच अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली आहे. मुदत संपण्यापूर्वी दोन महिने नूतनीकरणाचे बोलणे सुरू करावे. लेखी करार नसेल आणि भाडे महिन्याचे असेल, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. रात्रीत सामान बाहेर फेकता येत नाही.

१३. मानसिक आजार असावा असे वाटते. पोलिसांना कळवले तर त्याला कोंडून ठेवतील का?

तसे करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या १०० व्या कलमानुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवण्यास मनाई आहे. व्यक्ती बेघर असल्यास बेपत्ता व्यक्तीची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेण्याची जबाबदारीही पोलीस ठाण्याचीच आहे. बेघर आणि निराधार व्यक्तींना दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी मोफत मानसिक उपचारांचा हक्क याच कायद्याने दिला आहे, तो सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीवर आवर्जून सांगावा.

पुढील उपचारांसाठी आपल्या भागातील लोक धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जातात. कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसमधून तेथे मोफत जाता येते, पण ओळखपत्र जवळ लागते. फोनवर सल्ला हवा असल्यास टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. घर नाही म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला मनोरुग्णालयातच ठेवून घेणे याच कायद्याच्या १९ व्या कलमाच्या विरुद्ध आहे. त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि आपल्या खोलीचे काम तेथून सुरू होते.

१४. खोली मिळवून दिली, गादी आणली, तरी ते पुन्हा स्टँडवर जाऊन झोपतात. आमचे चुकले कोठे?

बहुधा कोठेही नाही. रस्त्यावर रात्रभर आवाज असतो, उजेड असतो, कोणीतरी खोकत असते. वर्षानुवर्षे त्यात झोपलेल्या माणसाला चार भिंतींतली शांतता अंगावर येते. आमच्या ओळखीचे एक आजोबा पहिले तीन आठवडे खोलीबाहेर बोळात पोते अंथरून झोपले. खोलीची किल्ली मात्र त्यांनी करगोट्याला बांधली होती आणि ती कोणाच्या हाती देत नव्हते. चौथ्या आठवड्यात पाऊस लागला आणि ते आत गेले. या काळात खोली परत करायची नसते, एवढेच आपल्या हाती असते.

घर गमावले जाते ते सहसा पहिल्या वर्षात आणि त्यामागची कारणे छोटी असतात. गॅस कसा बंद करायचा, नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, घंटागाडी केव्हा येते, वीजबिलाचा कागद कोठे ठेवायचा, हे कोणी शिकवलेले नसते. भंगार गोळा करणारा माणूस खोलीतही भंगार साठवतो आणि शेजारी वासाची तक्रार करतात. दिवसभर बोलायला कोणी नसल्याने तो ओळखीच्या माणसांकडे, म्हणजे स्टँडवर जातो. तो तेथे दिवसा खुशाल जावो, आपण पेठेतल्या कट्ट्यावर जातोच की. यासाठी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा तरी भेट द्यावी. ही भेट झडती वाटता कामा नये. बरोबर बसून चहा करावा आणि तो त्याच्या हातचा प्यावा.

सर्वांत अवघड अडचण जुन्या सोबत्यांची असते. थंडीच्या रात्री चौघे दार वाजवतात आणि ज्यांनी रस्त्यावर याला भाकरी दिली त्यांना तो नाही म्हणू शकत नाही. आठवडाभरात खोलीत पाच माणसे होतात आणि घरमालक नोटीस देतो. ‘मालक रागावतो’ असे सांगण्याची मोकळीक त्याला द्यावी आणि वाईटपणा आपण घ्यावा. त्या चौघांची नावेही पुढच्या खोल्यांसाठी लिहून घ्यावीत.

१५. घर मिळाल्यावर पुन्हा दारू सुरू झाली. खोली काढून घ्यावी का?

केवळ पिण्यामुळे काढून घेऊ नये. भाडे थकले, मारामारी झाली किंवा शेजारच्या बायका-मुलांना त्रास झाला, तर त्या वर्तनाबद्दल बोलावे, वेळ पडल्यास खोली बदलावी, पण माणूस सोडू नये. रोज भरपूर पिणाऱ्याला एका दिवसात दारू बंद करायला लावू नये. अशा वेळी झटके येऊन जिवावर बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पेन्शनच्या दिवशीच सगळे पैसे संपत असतील तर त्याच्या संमतीने भाडे आणि किराणा त्याच सकाळी भरून टाकण्याची व्यवस्था करावी.

१६. नातेवाइकांचा पत्ता लागला. आता त्यांना घरी पाठवून दिले की काम संपले ना?

आधी त्या व्यक्तीला एकटीला विचारावे. अनेक जण घर हरवले म्हणून नव्हे, तर घरातून पळून किंवा हाकलले गेल्यामुळे रस्त्यावर आलेले असतात. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. तिने नको म्हटले तर नातेवाइकांना तिचा ठावठिकाणा सांगू नये. जायची इच्छा असेल तर पहिली भेट आपल्या उपस्थितीत घडवावी, औषधांची चिठ्ठी कुटुंबाला समजावून द्यावी आणि निदान सहा महिने फोन चालू ठेवावा. तोवर खोलीची सोय मोडू नये, कारण परत आलेला माणूस थेट फूटपाथवर येतो.

१७. मुले चांगली कमावती आहेत, पण सांभाळत नाहीत. काही कायदा आहे का?

पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. सीमाभागासाठी त्यातील एक तरतूद मोलाची आहे: अर्ज ज्येष्ठ व्यक्ती जेथे राहते किंवा शेवटी राहिली, अथवा मुले जेथे राहतात, त्यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात करता येतो. मुलगा इचलकरंजीत असला तरी बेळगावातून अर्ज चालतो. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत, त्या त्या उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांकडे जावे. सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास २३ व्या कलमाखाली परत मागता येते. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. निकाल लागेपर्यंत राहण्याची सोय मात्र प्रश्न ९ प्रमाणे आपल्यालाच करावी लागते.

१८. सौंदत्तीच्या डोंगराकडून आलेल्या एक आजी आहेत. त्या देवदासी होत्या, पण यादीत नाव नाही म्हणून लाभ मिळत नाहीत असे म्हणतात. हे खरे असू शकते का?

असू शकते. या प्रथेवर १९८२ च्या कायद्याने बंदी आली, परंतु पुनर्वसनाचे लाभ १९९३-९४ आणि २००७-०८ च्या सर्वेक्षणांतील नावांशी जोडले गेले. त्या वेळी गावात नसलेल्या किंवा लाजेने पुढे न आलेल्या स्त्रिया बाहेर राहिल्या. यादीचा पाठपुरावा महिला विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात करावा, पण आजींचे वय ६५ च्या वर असल्यास संध्या सुरक्षेचा अर्ज त्यासाठी थांबवू नये. घरमालकाला किंवा शेजाऱ्यांना त्यांचा पूर्वेतिहास सांगण्याची काहीच गरज नाही.

१९. सरकारचे भिक्षुक पुनर्वसन केंद्र आहे की. तेथे का पाठवू नये?

कर्नाटक भिक्षा प्रतिबंध कायदा, १९७५ खाली ही निराश्रितांची केंद्रे चालतात आणि त्यासाठी घरपट्टीबरोबर ३ टक्के उपकर आपण सारे भरतो. तेथे जाणे पुष्कळदा स्वखुशीचे नसते आणि सुटका झाली की माणूस जेथून उचलला तेथेच परत दिसतो. शिवाय प्रत्येक बेघर भीक मागतो असेही नाही. मार्केट यार्डात हमाली करणारे किंवा हॉटेलांत भांडी घासणारे अनेक जण रात्री फूटपाथवरच झोपतात.

२०. ज्याला आपण घर मिळवून दिले, तो खोलीत एकटा असताना वारला तर?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण रस्त्यावर झिजलेली शरीरे फार काळ साथ देत नाहीत, म्हणून तयारी हवी. उपचार करणारे डॉक्टर असतील तर त्यांना बोलावून मृत्यूचा दाखला घ्यावा. कारणाबद्दल शंका असेल किंवा माणूस कधी गेला ते कळत नसेल, तर काहीही न हलवता ११२ ला कळवावे. बँक खात्यावर वारसाचे नाव आधीच नोंदवून घ्यावे. दहन की दफन, कोणाला कळवायचे आणि कोणाला कळवायचे नाही, हे तो हिंडता-फिरता असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवावे. पंचांना कल्पना दिलेली असली की खांदा द्यायला गल्लीतली माणसे येतात. नंतर पेटी उघडताना त्यांच्यापैकी दोघांना साक्षीला बसवावे, सापडलेल्या वस्तूंची यादी करावी आणि घरमालकाकडून अनामत परत घेऊन ती निधीत जमा करावी.